अ‍ॅनिमेशन संपल्यावर चालायचा कोड कधी दोनदा चालतो, कधी चालतच नाही: कारणं आणि दुरुस्ती

उदाहरणाला मोंढ्यातल्या आडत दुकानाचा स्क्रीन घेऊ. लातूरला सोयाबीनची आवक सुरू आहे, काट्यावर पोती चढताहेत, आणि मुनीम ब्राउझरमध्ये वजन, भाव, हमाली, तोलाई भरतोय. ‘पट्टी करा’ हे बटण दाबलं की खालून पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचा) पॅनल ३०० मिलिसेकंदांत वर सरकतो. तो जागेवर बसला की छपाई सुरू व्हायला हवी. छपाई झाली की पॅनल खाली जावा, आणि तो गेला की कर्सर पुढच्या शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात बसावा.

अशा स्क्रीनवर तक्रारी साधारण चारच येतात. पट्टी दोनदा छापली गेली. पट्टी छापली, पण वरचा भाग कापलेला आला. एकाच कॉम्प्युटरवर ती छापतच नाही आणि बटण करडं होऊन अडकून बसतं. किंवा कर्सर जागेवर जात नाही, म्हणून मुनीमाला दर वेळी माउस हातात घ्यावा लागतो. चारही तक्रारींचं मूळ एकच आहे: अ‍ॅनिमेशन संपलं हे कोडला कळतं कसं, याची व्यवस्था कच्ची आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पट्टी डेटाबेसमध्ये जतन करणं, पट्टीचा क्रमांक वाढवणं, शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम टाकणं ही कामं अ‍ॅनिमेशनच्या शेपटाला कधीही बांधू नका. ती बटण दाबल्याबरोबर सुरू झाली पाहिजेत. अ‍ॅनिमेशन संपण्याची वाट फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या कामांनी बघायची: छपाईची खिडकी उघडणं, कर्सर हलवणं, पॅनल डॉममधून (ब्राउझरमधल्या पानाच्या घटकांच्या रचनेतून) काढणं, बटण पुन्हा चालू करणं. पैशाचा हिशेब ट्रान्झिशनवर (सीएसएसने घडवलेल्या हळूहळू बदलावर) अवलंबून असेल तर खाली दिलेली कुठलीही दुरुस्ती पुरणार नाही.

आधी निदान

क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा. उजवीकडच्या तीन टिंबांत ‘मोअर टूल्स’ आणि त्यात ‘अ‍ॅनिमेशन्स’ हा फलक आहे. तिथे वेग १०० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणा आणि ‘पट्टी करा’ दाबा. ३०० मिलिसेकंदांचा पॅनल आता ३ सेकंद घेईल. तो निम्म्यालाही आला नसताना छपाईची खिडकी उघडली, तर कोड अ‍ॅनिमेशनकडे बघतच नाहीये. त्याने घड्याळ लावलंय. या फलकाने अ‍ॅनिमेशनचा वेग कमी होतो, ‘सेटटाइमआउट’चा, म्हणजे जावास्क्रिप्टच्या टायमरचा, होत नाही, म्हणून ही चाचणी दहा सेकंदांत निकाल देते.

दुसरी चाचणी कन्सोलमध्ये. पॅनलचा घटक निवडून ‘मॉनिटरइव्हेंट्स’ला तो घटक द्या आणि ‘ट्रान्झिशनएंड’ व ‘ट्रान्झिशनकॅन्सल’ ही दोन नावं द्या (पहिला इव्हेंट, म्हणजे ब्राउझरचा निरोप, ट्रान्झिशन संपल्यावर येतो, दुसरा ते मधेच रद्द झाल्यावर). मग पॅनल एकदा उघडा, एकदा बंद करा आणि उघडता उघडता मधेच एकदा बंद करा. कन्सोलमध्ये किती ओळी पडतात आणि प्रत्येक ओळीत ‘प्रॉपर्टीनेम’ (बदललेल्या गुणधर्माचं नाव) काय आहे, ते वाचा. निम्मं निदान तिथेच होतं.

तिसरी चाचणी ‘रेंडरिंग’ फलकात आहे. ‘प्रेफर्स रिड्यूस्ड मोशन’ची (वापरणाऱ्याला हालचाल कमी हवी, या सेटिंगची) नक्कल चालू करा आणि पुन्हा पट्टी करा. इथे बटण अडकलं, तर ‘एकाच कॉम्प्युटरवर होतं’ म्हणून सोडून दिलेल्या तक्रारीचं कारण सापडलं असं समजा.

घड्याळ लावलेला कोड का चुकतो

सीएसएसमध्ये ०.३ सेकंद आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘सेटटाइमआउट’ ३००. कागदावर हिशेब जुळतो. पण टायमर त्या ओळीपासूनच मोजायला लागतो, आणि ट्रान्झिशन सुरू होतं ते ब्राउझरने पुढची फ्रेम काढायला घेतल्यावर. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर दोन फ्रेमांत साधारण १६.७ मिलिसेकंदांचं अंतर असतं. त्याच वेळी जावास्क्रिप्ट शंभर ओळींचा तक्ता बांधत असेल, तर ती फ्रेम आणखी मागे पडते. त्यामुळे टायमर वाजतो तेव्हा पॅनल अजून सरकत असू शकतो, आणि छपाई त्या क्षणाची स्थिती उचलते. कापलेली पट्टी अशी येते.

‘मग ३०० ऐवजी ५०० टाका’ हा उपाय सगळीकडे दिसतो. वेगवान मशीनवर त्यामुळे दर पट्टीमागे उगाच खोळंबा होतो, मंद मशीनवर ५००ही पुरत नाहीत, आणि सहा महिन्यांनी कुणी सीएसएसमध्ये ०.३ चं ०.६ केलं की पुन्हा तेच. शिवाय टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर मंदावतात. क्रोममध्ये लपलेल्या टॅबचा टायमर साधारण सेकंदाला एकदाच वाजतो. एकच कालावधी दोन फायलींत लिहिणं हीच मुळात चूक आहे.

‘ट्रान्झिशनएंड’ लावला, तरी दोनदा छापतं

घड्याळ सोडून इव्हेंटकडे येणं बरोबर आहे, पण या इव्हेंटच्या तीन सवयी माहीत हव्यात.

पहिली: तो दर गुणधर्मामागे एकदा येतो. पॅनलवर ट्रान्सफॉर्म ०.३ सेकंद आणि ओपॅसिटी ०.२ सेकंद असेल, तर २०० मिलिसेकंदांना एक आणि ३०० ला दुसरा असे दोन इव्हेंट येतील. म्हणजे दोन छपाया. पॅडिंगसारखा एकत्रित गुणधर्म चारही बाजूंनी बदलत असेल तर त्याचेच चार येतात, कारण ब्राउझर वर, उजवं, खाली, डावं असे वेगळे मोजतो. ‘ट्रान्झिशन: ऑल’ लिहिलेल्या पॅनलवर तर आकडा सांगता येत नाही. उद्या कुणी सावली किंवा कडेचा रंग वाढवला की एक इव्हेंट वाढला.

दुसरी: तो वर चढतो. पॅनलच्या आत ‘छापा’ बटण आहे, त्यावर माउस गेला की त्याचा रंग ०.१५ सेकंदांत बदलतो. त्या रंगबदलाचा ‘ट्रान्झिशनएंड’ बटणावरून पॅनलपर्यंत जातो आणि पॅनलचा लिसनर (इव्हेंट आला की चालणारा कोड) चालतो. मुनीमाने बटणावरून नुसता माउस फिरवला तरी पट्टी निघते, ती यामुळे. म्हणून लिसनरमध्ये पहिल्याच ओळीत ‘टार्गेट’ (इव्हेंट जिथे घडला तो घटक) आणि ‘करंटटार्गेट’ (लिसनर लावलेला घटक) एकच आहेत का ते तपासा. नसतील तर तिथूनच परता. त्यानंतर ‘प्रॉपर्टीनेम’ ‘ट्रान्सफॉर्म’ आहे का ते बघा.

तिसरी सवय ‘वन्स’ या पर्यायाशी जोडलेली आहे. दोनदा छपाई थांबवायला बरेच जण लिसनरला ‘वन्स’ (एकदा चालल्यावर लिसनर आपोआप काढणारा पर्याय) लावतात. दुहेरी छपाई थांबते खरी, पण वरच्या उदाहरणात पहिला इव्हेंट ओपॅसिटीचा असतो आणि तो १०० मिलिसेकंद आधी येतो. लिसनर त्यावरच खर्च होतो आणि पॅनल सरकत असतानाच छपाई सुरू होते. बटणाच्या रंगाचा इव्हेंट आधी पोचला तर लिसनर त्यावरही खर्च होतो. ‘वन्स’ वापरायचा तर वरची तपासणी आतल्या कोडमध्ये ठेवून चालत नाही, कारण तपासणीत नापास झालेला इव्हेंटसुद्धा लिसनर काढून टाकतो. तिथे लिसनर हातानेच, तपासणी पास झाल्यावर काढावा.

इव्हेंट येतच नाही

हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. अ‍ॅनिमेशनचे शेवट तीन प्रकारचे असतात: ते पूर्ण होतं, मधेच रद्द होतं, किंवा सुरूच होत नाही. बहुतेक कोड पहिल्याच शक्यतेसाठी लिहिलेला असतो.

रद्द कधी होतं? अ‍ॅनिमेशन चालू असताना घटकाला ‘डिस्प्ले: नन’ लागला, घटक डॉममधून काढला गेला, किंवा पॅनल उघडता उघडता उलटा फिरवला. अशा वेळी त्या ट्रान्झिशनचा ‘ट्रान्झिशनएंड’ येत नाही. घटक पानावर असेल तर ‘ट्रान्झिशनकॅन्सल’ येतो.

सुरूच न होण्याची कारणं जास्त आहेत, आणि ती शोधायला अवघड जातात. जुनी आणि नवी किंमत सारखीच असेल तर ट्रान्झिशन होत नाही. पॅनल आधीच उघडा असताना पुन्हा ‘उघडा’ म्हटलं की हेच होतं. उंची ० वरून ‘ऑटो’वर नेली तर ती एकदम उडी मारते (तिथे ग्रिडची ओळ ०एफआर वरून १एफआर करून आतल्या घटकाला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ आणि किमान उंची शून्य देणं हा भरवशाचा मार्ग आहे). नवा घटक डॉममध्ये घालून त्याच दमात त्याला ‘उघडा’चा क्लास दिला, तर ब्राउझरला आधीची स्थिती कधी दिसलीच नाही, म्हणून बदल दिसणार कसा? घटक घातल्यावर एकदा त्याची ‘ऑफसेटहाइट’ वाचा आणि मग क्लास द्या. त्या वाचनासाठी ब्राउझरला आधीची स्थिती मोजावीच लागते.

आणि ‘एकाच कॉम्प्युटरवर’ची तक्रार. दुकानातला जुना कॉम्प्युटर मंद चालतो म्हणून कुणीतरी विंडोज ११ च्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’ मध्ये जाऊन अ‍ॅनिमेशन बंद केलेली असतात. अँड्रॉइड फोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘रिमूव्ह अ‍ॅनिमेशन्स’ असते. ब्राउझर ही सेटिंग वाचून ‘प्रेफर्स रिड्यूस्ड मोशन’ खरं धरतो. तुमच्या सीएसएसमध्ये त्यासाठी ‘ट्रान्झिशन: नन’ लिहिलेलं असेल, आणि लिहिलेलं असायलाच हवं, कारण हलत्या स्क्रीनने ज्यांना गरगरतं त्यांच्यासाठीच ही सोय आहे. पण ट्रान्झिशन नाही म्हणजे इव्हेंट नाही, आणि इव्हेंटची वाट बघणारं बटण कायमचं करडं. शून्य सेकंदांच्या ट्रान्झिशनचंही तसंच. कीफ्रेम (टप्पे लिहून दिलेल्या) अ‍ॅनिमेशनचं मात्र वेगळं आहे: कालावधी शून्य असला तरी ‘अ‍ॅनिमेशनएंड’ येतो, मात्र अ‍ॅनिमेशनचं नावच ‘नन’ केलं तर येत नाही. आणि पुनरावृत्ती ‘इन्फिनिट’ असेल तर ‘अ‍ॅनिमेशनएंड’ कधीच येत नाही.

दुरुस्ती: अ‍ॅनिमेशनलाच विचारा

आजच्या ब्राउझरांत यासाठी सरळ मार्ग आहे. क्रोममध्ये तो २०२० पासून आहे, फायरफॉक्स आणि सफारीतही आहे.

पॅनलचा क्लास बदला. लगेच पुढच्या ओळीत पॅनलवर ‘गेटअ‍ॅनिमेशन्स’ बोलवा. ही मेथड आधी साचलेले स्टाइलचे बदल लागू करून घेते, त्यामुळे नुकतंच सुरू झालेलं ट्रान्झिशनही यादीत येतं. मधे फ्रेमची वाट बघावी लागत नाही. यादीतल्या प्रत्येकाचं ‘फिनिश्ड’ हे प्रॉमिस (काम संपलं की पूर्ण होणारं वचन) घ्या, सगळी ‘प्रॉमिस.ऑल’ मध्ये घाला आणि ‘अवेट’ करा, म्हणजे ती पूर्ण होईपर्यंत थांबा. त्याखालच्या ओळीत छपाई.

एवढ्यात तिन्ही शेवट सुटतात. गुणधर्म दोन असोत की सहा, सगळे संपल्यावर कोड एकदाच पुढे जातो. आतल्या बटणाचा रंग मोजला जात नाही, कारण ‘सबट्री’ (आतले घटकही) मागितली नाही तर फक्त त्या घटकाची अ‍ॅनिमेशन येतात. अ‍ॅनिमेशन सुरूच झालं नसेल तर यादी रिकामी येते, रिकाम्या यादीवर ‘प्रॉमिस.ऑल’ ताबडतोब पूर्ण होतं आणि पट्टी न अडकता छापते. कालावधी फक्त सीएसएसमध्ये राहतो.

रद्द झालं तर ‘फिनिश्ड’ नाकारलं जातं आणि ‘अ‍ॅबॉर्टएरर’ मिळते. इथे ठरवायचं काम तुमचं आहे. मुनीमाने पॅनल मधेच बंद केला म्हणजे त्याला ती पट्टी छापायची नाही, म्हणून छपाईला ‘ऑल’च ठेवा आणि ‘अ‍ॅबॉर्टएरर’ पकडून शांतपणे परता. बाकीच्या चुका मात्र गिळू नका, पुढे जाऊ द्या. बटण पुन्हा चालू करणं हे मात्र काहीही झालं तरी व्हायला हवं, ते ‘फायनली’ मध्ये घाला. जिथे पूर्ण आणि रद्द यांत फरक करायचाच नाही, तिथे ‘ऑलसेटल्ड’ (पूर्ण की रद्द हे न बघता सगळ्यांची वाट बघणारं) वापरा.

‘सबट्री’ खरी करून मागितली, तर जपून. आत लोडिंगचं फिरतं चक्र असेल तर ते ‘इन्फिनिट’ आहे, त्याचं ‘फिनिश्ड’ कधी पूर्ण होत नाही आणि तुमचा कोड तिथेच थांबतो. प्रत्येक अ‍ॅनिमेशनच्या ‘इफेक्ट’वर ‘गेटकॉम्प्युटेडटायमिंग’ बोलवून ज्यांचा ‘एंडटाइम’ अनंत आहे त्यांना यादीतून गाळा.

आणखी एक बारकावा. ‘फिनिश्ड’ पूर्ण होतं ते शेवटची फ्रेम स्क्रीनवर उमटण्याच्या किंचित आधी. पुढचं काम हलकं असेल तर काही फरक पडत नाही. पण तिथेच दिवसभराच्या आवकेचा मोठा तक्ता बांधायला घेतला, तर पॅनल शेवटच्या दोन-तीन पिक्सेलांवर अडखळलेला दिसू शकतो. अशा कामाआधी ‘रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम’ आणि त्याच्या आत शून्याचा ‘सेटटाइमआउट’ ठेवा; शेवटची फ्रेम उमटायला वाव मिळतो.

उघड-मिट घाईत झाली तर

मुनीम घाईत असतो. पट्टी उघडतो, भाव चुकलेला दिसतो, बंद करतो, दुरुस्त करतो, पुन्हा उघडतो. पहिल्या उघडण्याची वाट बघणारा कोड, बंद करण्याचा कोड आणि दुसऱ्या उघडण्याचा कोड असे तिघे एकाच वेळी जिवंत राहू शकतात. ‘ऑलसेटल्ड’ वापरलं असेल तर तिघेही पुढे जातात.

यासाठी पॅनलजवळ एक फेरी क्रमांक ठेवा. उघडताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा तो एकने वाढवा आणि त्या वेळचा आकडा स्थानिक चलात उचलून ठेवा. ‘अवेट’ झाल्यावर पहिली ओळ हीच: माझा आकडा आणि आत्ताचा आकडा सारखा आहे का? नसेल तर परता. ‘पॅनल उघडा आहे का’ एवढंच तपासून भागत नाही, कारण दुसऱ्यांदा उघडल्यावर पहिल्या फेरीच्या कोडलाही तो उघडाच दिसतो.

कर्सर जागेवर जात नाही

‘व्हिजिबिलिटी: हिडन’ वरून ‘व्हिजिबल’वर ट्रान्झिशन असेल आणि क्लास बदलताच त्याच दमात ‘फोकस’ बोलावला, तर तो वाया जातो. ट्रान्झिशनच्या अगदी शून्याव्या क्षणी घटक अजून लपलेलाच धरला जातो, आणि लपलेल्या घटकाला फोकस मिळत नाही. वरच्या पद्धतीने संपण्याची वाट बघितली की हे सुटतं. अ‍ॅनिमेशन चालू असतानाच फोकस द्यायचा असेल तर ‘प्रिव्हेंटस्क्रोल’ खरं ठेवा, नाहीतर ब्राउझर तो रकाना दिसावा म्हणून पान सरकवतो आणि पॅनल उडी मारतो.

आयफोनवर मात्र बोटाच्या स्पर्शाच्या हँडलरमध्ये थेट दिलेल्या फोकसलाच कीबोर्ड वर येतो. ‘अवेट’ नंतर दिलेल्या फोकसला सहसा येत नाही. तिथे फोकस आधी द्या, अ‍ॅनिमेशन मागून चालू द्या.

जेक्वेरीची जुनी पानं

जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या ‘अ‍ॅनिमेट’ला दिलेलं ‘कम्प्लीट’ फंक्शन दर घटकामागे एकदा चालतं. पान वर सरकवण्यासाठी ‘एचटीएमएल’ आणि ‘बॉडी’ दोन्ही निवडले असतील तर ते दोनदा चालणारच. तिथे ‘प्रॉमिस’ आणि ‘डन’ लावा, ते सगळ्यांसाठी मिळून एकदा येतं. ‘स्टॉप’ नुसता बोलावला तर ‘कम्प्लीट’ चालत नाही. चालायला हवं असेल तर दुसरा पॅरामीटर खरा द्या, म्हणजे अ‍ॅनिमेशन शेवटाला नेऊन थांबतं.

अँड्रॉइड आणि फ्लटर

तेच दुखणं इथे वेगळ्या नावांनी भेटतं. अँड्रॉइडच्या ‘अ‍ॅनिमेटर’मध्ये रद्द केल्यावरसुद्धा ‘ऑनअ‍ॅनिमेशनएंड’ येतो, ‘ऑनअ‍ॅनिमेशनकॅन्सल’च्या पाठोपाठ. म्हणून रद्द झाल्याची खूण स्वतः ठेवावी लागते. ‘व्ह्यू.अ‍ॅनिमेट’च्या ‘विथएंडअ‍ॅक्शन’चं उलट आहे: तो नीट संपल्यावरच चालतो आणि एका वेळेपुरताच असतो. ‘सेटलिसनर’ मात्र त्या व्ह्यूला चिकटून राहतो. पॅनल उघडताना लावलेला लिसनर बंद होतानाही वाजतो, आणि पट्टी बंद करताना पुन्हा छापते. एकदाचं काम असेल तर ‘विथएंडअ‍ॅक्शन’ वापरा, किंवा काम झाल्यावर लिसनर नल करा.

बॅटरी सेव्हर चालू झाला की अँड्रॉइड अ‍ॅनिमेटर बंद करू शकतो, आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये कालावधीचा पट शून्य केला तरी तेच होतं. भारनियमनाच्या दिवसांत काट्यावरचा फोन बॅटरी सेव्हरवरच असतो, तेव्हा ही चाचणी गावात नेण्याआधी टेबलावरच करा. अशा वेळी शेवटाचा कॉलबॅक जवळपास लगेच येतो. म्हणून ‘अ‍ॅनिमेशन चालेल तोवर डेटा येईलच’ असं गृहीत धरलेला कोड तिथे रिकामी पट्टी दाखवतो. डेटा आणि अ‍ॅनिमेशन दोघांचीही वाट स्वतंत्रपणे बघा.

फ्लटर या मोबाइल अ‍ॅप बनवण्याच्या साधनात ‘फॉरवर्ड’ने दिलेला ‘टिकरफ्युचर’ रद्द झाल्यावर ना पूर्ण होतो ना चूक देतो, तो तसाच लटकतो. त्याच्यावर ‘अवेट’ करणारा कोड पुढे सरकत नाही. ‘ऑरकॅन्सल’ घेतलात तर ‘टिकरकॅन्सल्ड’ मिळतं आणि ते पकडता येतं. ‘अवेट’ नंतर ‘माउंटेड’ (तो घटक अजून स्क्रीनला जोडलेला आहे का) तपासल्याशिवाय ‘सेटस्टेट’ किंवा नॅव्हिगेशन करू नका, कारण तोवर मुनीम मागे जाऊन दुसऱ्या पट्टीवर पोचलेला असतो.